लांबीप्रमाणे लावलेली पत्रं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद.

दोन महिने तुझं पत्र नाही, म्हणजे प्रबंध अजून चालूच असणार. पवित्र शास्त्रातल्या एका पानाच्या पत्रावर चारशे पानं लिहून झाली, असं तू मागे कळवलं होतंस. त्या बिचाऱ्या प्रेषिताने तुरुंगात बसून एका ओळखीच्या माणसाला चिठ्ठी लिहिली. तिच्यावर पुढे कुणी आठ वर्षं ठाण मांडून बसेल, हे त्याला ठाऊक असतं तर त्याने निरोप तोंडीच पाठवला असता.

इकडे बाइंडिंगच्या दुकानात नुसता गोंधळ आहे. चर्चची दोनशे गीतांची पुस्तकं बांधायला आली होती. ती मी चिकट्याकडे सोपवली. तू गेल्यावर तो कामाला लागला, त्यामुळे तू त्याला पाहिलेलं नाहीस. पंचेचाळिशीचा, लांबोडका, अबोल, खळीचा डबा कायम काखेत. हात असा की बाबा एकदा त्याला 'बरंय' म्हणाले होते. बाबांच्या 'बरंय'ची किंमत तुला सांगायला नको. तर या बरंयने दोनशेच्या दोनशे पुस्तकांना पुठ्ठे उलटे चढवले. बाहेरची सोनेरी अक्षरं सुलटी धरली की आतली गाणी शीर्षासन करतात.

रविवारी पाळकांनी वेदीवरून समोर पाहिलं, तर अख्खी मंडळी पुस्तकं उलटी धरून गात होती. ते म्हणाले, क्षणभर मला वाटलं, इतकी वर्षं मी निरक्षरांना उपदेश करतोय. सोमवारी सगळी पुस्तकं दुकानात परत आली. पुढच्या महिन्यात मोठे धर्मगुरू भेटीला येणार आहेत, त्याआधी ती सुलटी हवीत. आणि सोबत चर्चचं जुनं, खिळखिळं झालेलं पवित्र शास्त्रही पाळक टेबलावर ठेवून गेले. म्हणे, प्रायश्चित्त म्हणून हेही नीट शिवून द्या.

हे सगळं ऐकून चिकट्याने ॲप्रन खुंटीला टांगला आणि तो जो गेला तो गेलाच. जाताना बाबांची घडी घालायची हाडाची पट्टी त्याच्याबरोबर गेली. बाबा दोन दिवस नुसत्या बोटाने कागद घासताहेत आणि घरादाराकडे बघत नाहीत. एवढी साधी चूक माणूस करतो तरी कशी? पुन्हा समोर आला तर त्याला पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात घालून पिळीन.

तुझी वरची खोली कागदाच्या रिमांनी छतापर्यंत भरलीय. बाबांनी तुझं नाव अजून तोंडी घेतलेलं नाही.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, पाळकांच्या वाक्यावर मी एकटाच मोठ्याने हसलो.

माझं इथे ठीक नाही. प्रबंध आमच्या सरांनी परत केला. तुला ते छोटं पत्र थोडक्यात सांगतो, म्हणजे माझी अडचण कळेल. एका श्रीमंत घरमालकाचा गुलाम पळून जातो. तो तुरुंगातल्या प्रेषिताला भेटतो, त्याच्याजवळ राहतो, त्याच्या उपयोगी पडतो. मग प्रेषित त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि हातात चिठ्ठी देतो: याला आता गुलाम म्हणून घेऊ नकोस, भाऊ म्हणून घे. मी स्वतः दारात आलो असं समज. याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या नावावर लाव. तू स्वतः माझं काय देणं लागतोस, ते मात्र मी बोलत नाही.

बस, संपलं. सर म्हणतात, "अहो, पुढे काय झालं? मालकाने त्याला घेतलं की नाही? चारशे पानांत तुम्ही या माणसाला दारातच उभं केलंय!" उत्तर एप्रिलपर्यंत द्यायचं आहे आणि मालकाचं उत्तर कुठेच सापडत नाही.

आता निव्वळ अभ्यासापुरतं एक विचारतो. समज, एखादा चांगला कारागीर एक चूक करून लाजेने पळाला. समज, तो परत यायला तयार आहे. तर मालकिणीने, म्हणजे मालकाने, काय करावं असं तुला वाटतं? तुझ्या मनात कुणी विशिष्ट माणूस आणू नकोस.

आणि ताई, उलट्या पुठ्ठ्याबद्दल तू इतकं तडतडू नयेस. का, ते मी बोलत नाही.

तुझा,
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण जरा हात आखडता घेऊन.

तुझ्या पाकिटाची घडी मी खिडकीत धरून पाहिली. कोपरे तिरके कापून आत दुमडलेत, खळ कडेला केसभर सोडून लावलीय आणि एक टिपूससुद्धा बाहेर आलेला नाही. तू आयुष्यात कधी पाकीट धड चिकटवलं नाहीस. तुझी पत्रं थुंकीने लावलेली असतात आणि पोस्टमन ती वाचूनच देतो. चिकट्या तुझ्याकडे आहे. 'विशिष्ट माणूस' म्हणे!

त्याला तुझा पत्ता कसा मिळाला, तेही कळलं. आठ वर्षं तुला जाणारी माझी पाकिटं तोच तर चिकटवत होता.

आता तुझ्या प्रेषिताबद्दल. चर्चचं ते शास्त्र मी उसवलंय. दोरे कुजलेले, त्यामुळे पानांचे फर्मेच्या फर्मे सुटे करून टेबलावर पसरलेत. एका दुपारी तुझं छोटं पत्र उचललं आणि वाळत ठेवायला जागा नव्हती म्हणून दुसऱ्या एका मोठ्या पत्राच्या शेवटच्या पानाशेजारी ठेवलं. बघते तर काय, दोन्हीकडे तीच माणसं! मोठं पत्र एका गावच्या सगळ्या मंडळीला आहे. शेवटी लिहिलंय की आमचा अमुक माणूस हे घेऊन येतोय, सोबत तुमच्यातलाच एक आहे, विश्वासू, लाडका भाऊ. हा तुमच्यातला एक म्हणजे तुझा पळपुटाच! एकच गाव, एकच टपाल, एकच पिशवी. आणि पुस्तक बांधणाऱ्याने काय केलं? पत्रं लांबीप्रमाणे लावली! लांबलचक पुढे, छोटं सगळ्यात मागे. एका पिशवीतून आलेल्या दोन पत्रांमध्ये पाच परकी पत्रं कोंबली. आमच्या दुकानात कुणी असं केलं असतं तर बाबांनी त्याला पायरी चढू दिली नसती.

आणि तुझा प्रेषित तू समजतोस तेवढा साधा नाही हो. मालकाला गुपचूप चिठ्ठी: बाबा रे, तुझ्या मर्जीने कर, माझी जबरदस्ती नाही. आणि त्याच वेळी चारचौघांत वाचायच्या पत्रात त्याच पळपुट्याला लाडका भाऊ म्हणून मोकळा! वर सूचना, हे वाचून झालं की शेजारच्या गावातही वाचा. तो मालक पहिल्या बाकावर बसलाय, सगळी मंडळी माना वळवून त्याच्याकडे बघतेय. नाही म्हणायची काय बिशाद?

मी मात्र म्हणू शकते. नाही.

ताई

ता. क. पट्टी तरी पोस्टाने पाठव.

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम आणि सशरम नमस्कार.

कबूल. तो इथे आहे. पंधरवड्यापूर्वी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी पुठ्ठे उलटे लावले." बाकी ओळख काहीच दिली नाही. पट्टी त्याच्या खिशात चुकून आली होती. बसमध्ये हाताला लागली तेव्हा तो रडला म्हणे. पोस्टाने पाठवायला तयार नाही. स्वतःच्या हाताने बाबांना देईन म्हणतो.

आल्यापासून त्याने माझ्या खोलीतली एकूण एक फाटकी पुस्तकं दुरुस्त केली. संध्याकाळी तो खळ ढवळतो आणि मी त्याला प्रबंध समजावतो: छोटं पत्र मालकाला, मोठं पत्र सगळ्यांना. छोटं मालकाला, मोठं सगळ्यांना. तो मान हलवतो. आठ वर्षांत माझं इतक्या शांतपणे कुणी ऐकलेलं नाही.

ती दोन पत्रं एका पिशवीतून आली, हे आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं. माझ्या प्रबंधात त्याबद्दल तळटीप आहे. क्रमांक दोनशे बारा. पण ती एकमेकांशेजारी ठेवून, मालक पहिल्या बाकावर बसलाय असं समजून मी कधी वाचली नव्हती. तळटिपेत माणसाला बसायला बाक कुठे असतो? सरांना सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, "ही बाई कुठल्या विद्यापीठात असते?" मी म्हटलं, कटिंग मशीनवर.

तर आता मी तेच करणार आहे. पुढच्या शनिवारी चिकट्याला पाठवतोय. त्याच्यासोबत दोन पत्रं. एक फक्त तुला. दुसरं 'दुकानातल्या सर्वांस, मोठ्याने वाचणे'. तू पहिल्या बाकावर बस. बघू कशी नाही म्हणतेस.

खरं सांगू? त्याला गाडीत बसवायचं ठरवलं आणि मला त्याचा हेवा वाटला. त्याला निदान कुणीतरी चिठ्ठी देतंय.

तुझा,
धाकटा

२८ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

हे पत्र मी खाली दुकानातच बसून लिहितेय. कारण कळेलच.

आज दुपारी चिकट्या दारात आला. मी कटिंग मशीनवर, दोन्ही हात अडकलेले. आत्या शिवणाच्या चौकटीवर, पाळक पुस्तकांची चौकशी करायला आलेले, आणि बाबा आपल्या खुर्चीत, उजवा कान पुढे करून. चिकट्याने आधी बाबांच्या समोर पट्टी ठेवली. बाबांनी ती उचलली, अंगठा फिरवला आणि खिशात टाकली.

मग त्याने दोन पाकिटं काढली. माझ्या नावाचं अगदी पातळ. मी म्हटलं, ठेव माझ्या ॲप्रनच्या खिशात. 'सर्वांस'चं मात्र चांगलं गुबगुबीत. ते आत्याने घेतलं. बाबांना ऐकू यावं म्हणून आत्या कशी वाचते, तुला माहीत आहे. समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबतात.

"प्रिय ताई," आत्याने सुरुवात केली. मला वाटलं, असेल तुमची काही शास्त्रीय पद्धत. पहिली तीन पानं प्रेषिताबद्दल होती. पाळकांनी दोनदा जांभई दिली. चौथ्या पानावर तू म्हणालास, 'ताई, तुझ्या जुन्या ऋणाची आठवण मी करून देणार नाही.' पाचव्या पानावर तू ती सविस्तर करून दिलीस.

धाकट्या, आत्याने ते सगळं वाचलं. न्यायाधीशांचा तो कातडी बांधणीचा कायद्याचा ग्रंथ. तो भर कोर्टात उघडला तर आतला कायदा उलटा निघाला. त्यानंतर कोर्टाचं काम कायमचं गेलं. आणि तो पुठ्ठा तू नाही, मी चढवला होता. मुलीच्या हाती दुकान देऊ नका, असं तेव्हा सगळे नातेवाईक बाबांच्या कानी लागले होते, आणि म्हणून तू पुढे होऊन म्हणालास, "मी केलं." बाबा म्हणाले, पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नकोस. तू टाकलं नाहीस. मला दुकान मिळालं.

मी मशीन सोडून धावले. "आत्या, पुरे!" तर बाबा म्हणाले, "वाच."

मग चौदाही पानं झाली. खाली तुझी सही. मी खिशातलं पातळ पाकीट फोडलं, त्यात चार ओळी: दुकानातल्या सर्वांस नमस्कार, हा आपलाच माणूस आहे, याला जागा द्या. चिकट्या एका बाजूला उभा. मी त्याला विचारलं, "पाकिटं कुणी भरली?" म्हणाला, "मी. साहेबांनी पत्रं नुसती टेबलावर ठेवली होती. छोटं मालकाला, मोठं सगळ्यांना. रोज तर सांगायचे."

तुला चार ओळींची गुपचूप चिठ्ठी लिहिता येत नाही, हे त्या गरिबाला कसं कळणार?

पाळक एकदम टोपी शोधायला लागले; ती डोक्यावरच होती. आत्या म्हणाली, "मला तर तेव्हाच संशय आला होता." आत्याला सगळ्याचा तेव्हाच संशय आलेला असतो. चिकट्याने खुंटीवरचा ॲप्रन काढला, गीतांचं एक पुस्तक घेतलं आणि पुठ्ठा उसवायला बसला. त्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

बाबांनी मात्र माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काठी घेतली आणि जिना चढून वर गेले. तुझ्या खोलीत गेलेत. तासभर झाला, काहीतरी जड सरकवल्याचे आवाज येताहेत. मला वर जायचं धाडस होत नाही. आठ वर्षं मी गप्प बसले, भित्री होते म्हणून. पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं, मग दर वर्षी ते आणखी अवघड झालं. तू मला जेवढं बोलशील तेवढं कमीच आहे.

ताई

४ मार्च

ताई,

मेलो.

चौदा पानं! फुटपाथला ऐकू जाईल अशी! मी ती तुला टोचायला लिहिली होती गं, बुडवायला नाही. तुझ्याकडून दुकान काढून घेतलं तर नाही ना? तसं असेल तर सांग, मी बाबांना लिहितो की मी खोटं लिहिलं, पुठ्ठा मीच चढवला होता. आठ वर्षं सवय आहे, मला जमेल.

वरचे आवाज म्हणजे काय, ते मला कळलं. माझी राहिलेली पुस्तकं बाहेर काढताहेत. नाहीतर दाराला आतून रिमा लावून ते बंद करताहेत. खरं सांगितलं नाही याचा राग खोटं बोलल्याच्या रागाहून मोठा असतो. बरोबरच आहे त्यांचं.

सर रोज विचारतात, मालकाचं उत्तर सापडलं का. मी नाही म्हणतो. आता मला ते नकोच आहे.

तुझा,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या सरांचं काम संपवू. त्यांना म्हणावं, मालकाने त्याला घरात घेतलं. पुरावा? पुरावा म्हणजे ते पत्रच. मी इतकी वर्षं लोकांचे जुने कागद शिवतेय. कागद आपोआप उरत नाही, कुणीतरी तो ठेवावा लागतो. त्या चिठ्ठीत मालकाच्या देण्याची, चारचौघांत सांगू नये अशी गोष्ट आहे. त्याने नाही म्हटलं असतं तर तिने चूल पेटवली असती. त्याने ती ठेवली, म्हणून तुला आठ वर्षं बसायला मिळालं. ही तळटीप करू नकोस, वर मजकुरात घाल.

आता वरचे आवाज. मी शेवटी धीर करून गेले. बाबा एक एक रीम उचलून खोलीबाहेर जिन्यावर रचत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, धापा टाकतोय आणि कुणाला हात लावू देत नाही. मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." ते म्हणाले, "तुझा पुठ्ठा मी तपासला नव्हता. तपासायचं काम माझं होतं." मग पुढची रीम उचलत, "आठ वर्षं!" आणि ती माझ्या हातात दिली. मी ती घेऊन जिन्यावर बसले आणि पोटभर रडले. बाबा म्हणाले, "रीम ओली करू नकोस."

दुकान माझ्याकडेच आहे. फक्त आता माझा प्रत्येक पुठ्ठा बाबा स्वतः उलटून बघतात, आणि चिकट्या माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो. गीतांची एकशे ऐंशी पुस्तकं सुलटी झाली. उरलेली वीस पाळकांनी मुद्दाम उलटीच ठेवायला सांगितलीत. म्हणाले, माझ्या उपदेशाला उदाहरण म्हणून लागतील.

तुझी चौदा पानं मी शिवून त्यांचं पुस्तक केलं. चिकट्यासाठीची चार ओळींची चिठ्ठीही त्यातच, शेजारी शेजारी. आणि दोन्ही पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तू त्या प्रेषिताची हुबेहूब नक्कल केलीस: विनंती, टोमणा, स्वतःच्या हाताची सही, सगळं काही. फक्त त्याच्या पत्राचं एक वाक्य गाळलंस, अगदी शेवटाजवळचं. तो मालकाला सांगतो, माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव. चारशे पानं लिहिणाऱ्या माणसाचं हे चुकून राहिलं, हे मला सांगू नकोस. चौदा पानांत तू चिकट्यासाठी जागा मागितलीस. स्वतःसाठी मागितली नाहीस.

इतके दिवस तू स्वतःला प्रेषित समजत होतास. अरे वेड्या, पळालेला तूच होतास.

खोली रिकामी आहे. पलंग बाबांनी खिडकीकडे सरकवला, कारण तुला उजेडात वाचायला लागतं. हे मला आठवत नव्हतं, त्यांना आठवतं. काल आत्याने विचारलं, ही कुणासाठी? तेव्हा बाबांनी तुझं नाव घेतलं. चांगलं मोठ्याने. समोरचा फुटपाथ थांबला.

प्रबंध बांधायला घेऊन ये. पोस्टाने पाठवलास तर एक पान शिवणार नाही. पाकीट चिकटवतोय चिकट्या, पण पत्र आत घालायचं काम मी स्वतः केलंय. सोबत बाबांची पट्टी आहे. ती त्यांनीच घातली. म्हणाले, त्याला म्हणावं, ही पोस्टाने परत पाठवायची नाही.

तुझी,
ताई